दोनशे बारा खडे

ऐका. आन् मधी बोलू नका. ह्या पावण्यानं इचारलंय, सकाळची गाडी धरायला खिंडीतनं गेलं तर चालंल का. न्हाई चालणार! का, ते ऐका.

माझा आजा हैबती. गोऱ्या सायबाच्या मोजणीत साखळी वढायचा. आगगाडी कुठनं न्यायची ते ठरत व्हतं. एक वाट आपल्या खिंडीतनं, दुसरी नदीच्या वळणानं. खिंडीतनं न्हेली तर ठेसन हितं, ह्या पारापुढं! सगळा गाव देव पाण्यात घालून बसलेला. समदं मोजून झालं, उंबरापासनं खिंडीच्या तोंडापातुर ऱ्हायलं. ईस-बावीस साखळ्या, बस! सकाळी सायबाचा कागद जायचा, आन् आज्याचा जोडीदार कोंडू तापानं फणफणलेला.

आजा म्हनला, मी एकटा मोजतो. दिवस बुडाल्यावर निघाला! शहाणाच की!

उंबराखाली, मोजणीच्या लाल चिंधीच्या खुंटीपाशी पोचला, तर पुढनं हाक. "हैबती, कडी धर!" कोंडूचा आवाज. ह्यानं साखळीची मागची कडी धरली! अरं, कोंडू घरात कण्हतोय न्हवं? पर हाताची सवय. पुढच्यानं 'ताण' म्हनायचं, मागच्यानं 'बरं' म्हनायचं आन् दर साखळीला धोतराच्या सोग्यात एक खडा टाकायचा.

"ताण!" "बरं!" खडा. "ताण!" "बरं!" खडा.

चालला, चालला. पुढं उंबर. लाल चिंधीची खुंटी. म्हनला, असंल दुसरा. आनखी चालला. परत उंबर, परत चिंधी! चकवा लागला, चकवा! शेंबड्या पोराला कळंल. ह्यो आपला खडे टाकतोय!

मग साखळीला वढ लागली. आवाज वरनं यायला लागला, मग खालनं. कडी बर्फावानी गार. आता आज्याला कोंडूचा ताप आठवला. हळूच इचारलं, "कोंड्या, ताप उतरला का रं?"

"कंचा ताप?" आन् हासलं. कानाजवळ हासलं!

आज्यानं खाली बघितलं. एक पाय कड्यावर, एक पाय वाऱ्यावर! कडी सोडली, मागं पडला. साखळी खळखळत दरीत गेली. खळखळतच गेली... तळाला आपटल्याचा आवाज काय आला न्हाई. तेवढ्यात कोंबडा आरवला, म्हनून मी हितं बसलोय.

वाचला, लई बरं झालं. पर पुढं काय केलं ठावं हाय? सायबानं इचारलं, "किती?" ह्यानं सोगा मोकळा केला. दोनशे बारा खडे! अरं, चकवा लागला म्हन की! न्हाई म्हनला. मोजणीचा गडी वाट चुकला म्हनून लोक हासतील! सायबानं लिवलं, खिंडीची वाट लांब. गाडी गेली नदीकडनं. आन् आपुन तीन पिढ्या तीन कोस तंगडतोड करतोय!

मरायच्या दिशी मला जवळ बोलिवलं. म्हनला, "बाळा, ईस-बावीसच व्हत्या रं."

आता सांगतोस व्हय, म्हाताऱ्या!

तवा पावणं, खिंडीकडं फिरकायचं न्हाई. अंधारातनं कुनी 'कडी धर' म्हनलं, तर हात पाठीमागं बांधायचं. झोपा आता. पहाटे तीनला उठून नदीकडनं चालायचंय.