सुमनवहिनीचे लंगोट

चहा घेता घेता आमच्या सुमनवहिनीचं सांगतो. आपला जिल्हा तवा आंध्रातच होता. प्रोस्टेटच्या ऑपरेशनानंतर बाबांची लघवी थांबेना. मोठ्या माणसाचे डायपर आदिलाबादेत मिळत, पण रोजचे परवडत नव्हते. बाबांनी आमच्या तामसी गावात घराबाहेर पडणंच सोडलं. निर्मल शहरात नातीचं लग्न निघालं, तर म्हणाले, "मी येत नाही. मांडवात फजिती नको."

वहिनीनं जुनी सुती धोतरं फाडून जाड घड्या शिवल्या, खाली मऊ प्लास्टिक लावलं आणि नाडीचे लंगोट केले. धुवायचे, वाळवायचे, पुन्हा घालायचे.

वहिनी सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, घालून तं पहा. वरून कोणालेच समजत नाही."

घरात घालून पाह्यलं, धोतर कोरडं राह्यलं, तवा बाबा लग्नाला आले. पंगतीत नवरदेवाचे आजोबा भिंतीशी उभेच होते. बाबांनी विचारलं, "काऊन उभे राह्यले?"

ते हळूच म्हणाले, "बसलो का कपडे खराब होतात, बापा."

बाबांनी त्यांचा हात धरून त्यांना कोपऱ्यात नेलं, आपल्या धोतराची गाठ जराशी सैल करून आतली नाडी दाखवली आणि वाढत असलेल्या वहिनीला हाक मारली, "सुमन, व्याह्यायचं माप घेऊन ठेव."