गाडीखालचा बिब्बा

(डोंबिवली पूर्व, मानपाडा. दुपार. घरात प्रीतम, त्याची बायको ऐश्वर्या आणि आई हौसाबाई.)

हौसाबाई – एवढं तोंड पाडून बसायला झालं काय? हातीपायी धड घरी आलास ना? मग झालं तर!

प्रीतम – गाडी ताशी चारशेला पोचलीच नाही, आई.

हौसाबाई – नाही तर नाही. तुमच्या त्या शेठला काय आग विझवायला जायचंय?

ऐश्वर्या – आई, असं नका बोलू. गाडी शेठची, पण दोन वर्षं ह्याची गेलीयत त्यात.

प्रीतम – दीडशेपर्यंत कुठलीही गाडी जाते गं. पुढे हवाच भिंतीसारखी आडवी येते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. आणि चाकं! हवा भरतो तिथली ती एवढीशी टोपी असते ना, चारशेला ती आठ-नऊ किलोच्या जोराने बाहेर खेचली जाते. म्हणून स्पेशल टायर मागवलेले, एका रनपुरते. धावपट्टीसुद्धा एकाच सकाळची मिळालेली.

हौसाबाई – मग घोडं अडलं कुठे?

प्रीतम – गाडीच्या नाकाखाली दोन झडपा आहेत. वेग वाढला की त्या मिटायला पाहिजेत, नाहीतर खाली हवा घुसून गाडी उचलली जाते. डावी बोटभर उघडी राहिली. तीनशे साठला कॉम्प्युटरने पॉवर कापली.

ऐश्वर्या – बरं झालं कापली. तू आत होतास.

प्रीतम – ती अट मीच घातलेली. झडप पूर्ण मिटली नाही तर पुढे जाऊच द्यायचं नाही.

हौसाबाई – पण झडप का नाही मिटली?

प्रीतम – सांध्यात बिब्बा अडकलेला. काळ्या दोऱ्यात ओवलेला.

हौसाबाई – अगो बाई!

ऐश्वर्या – आई? तुम्ही?

हौसाबाई – मागे डबा घेऊन ठाण्याला नाही का गेलेले, ह्याच्या वर्कशॉपला? गाडी वर उचलून ठेवलेली. हा चहा सांगायला गेला, तेव्हा बांधला. लिंबू-मिरची सगळ्यांच्या डोळ्यांवर आली असती, म्हणून घरनं बिब्बाच नेलेला. तिथे एक बारीक दांडी दिसली, तिलाच गाठ मारली. अरे, तू म्हणालास मीपण आत बसणार लॅपटॉप घेऊन. माझ्या जिवाला घोर लागलेला. तुझ्या बाबांच्या टेम्पोला कायम बांधायचे मी. कधी ओरखडा आला नाही.

प्रीतम – टेम्पो साठने जायचा, आई.

हौसाबाई – आणि एवढे शिकलेले तुम्ही, कुणाला दिसला नाही?

प्रीतम – उभ्या गाडीत झडप नीट मिटत होती, मग वाकून कोण बघतो? चूक आमचीपण आहे. वाऱ्याने दोरा सरकला आणि बिब्बा नेमका सांध्यात गेला.

हौसाबाई – मग आता काढलात ना? पळवा की परत.

प्रीतम – कुठे पळवू? टायर फुकट गेले. शेठने गाडी दुसऱ्यांकडे दिली. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे लोक बाहेरच्या देशातनं आलेले बघायला. रन झाला असता तर मला त्यांच्या टेस्टिंगला घेणार होते. तसं बोलणंही झालेलं. आता ते माझा फोनपण घेत नाहीत.

हौसाबाई – माझ्यामुळे रे. तुझं भलं व्हावं म्हणून बांधला आणि मीच तुझ्या आड आले. चल, मला ने त्यांच्याकडे. सांगते, म्हातारीने बांधला, पोराला ठाऊक नव्हतं.

ऐश्वर्या – आता उपयोग नाही, आई. ह्याने सांगून टाकलंय, बिब्बा मीच बांधला म्हणून.

हौसाबाई – तू? का रे बाबा?

प्रीतम – बिब्बा एकमेकांच्या हातात देऊन हसत होते सगळे. फोटो काढत होते. कुठल्या अडाण्याचं काम हे, असं चाललेलं. तिथे तुझं नाव सांगू? मला नाही जमलं.

हौसाबाई – हसू द्यायचं होतंस रे. मी कुठे त्यांना परत भेटणार होते?