मुख्य लढत रद्द

(दुपार. काल बॉक्सिंगच्या लढती झाल्या ते सभागृह आता रिकामं आहे. वहिनी आणि नणंद रिंगचे दोर सोडताहेत.)

नणंद : ...म्हणून म्हणते, मी या धंद्यातला माझा वाटा काढून घेते. रागाने नाही गं वहिनी. पण काल तू कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलंस ना, मुख्य लढत रद्द, तेव्हाच मी हे ठरवलं.

वहिनी : आणि त्यानंतरचं बघितलंस की नाही?

नणंद : कशाला बघू? फोन बंद केला आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले. सकाळची गाडी पकडून तडक इथे आले.

वहिनी : म्हणजे तू काहीच बघितलं नाहीस! ते टोक घट्ट धर आधी, नाहीतर दोर तोंडावर बसेल. सांगते सगळं.

नणंद : थोडक्यात सांग.

वहिनी : थोडक्यात मला जमत नाही, तुला माहितीये. लढतींच्या आधी डॉक्टर एकेकाला तपासत होते. मुख्य लढतीतला आपला बुलडोझर आत गेला तो छाती काढून आणि बाहेर आला तो मान खाली घालून. सरावात उजव्या हाताचं हाड चिरलं होतं त्याच्या. कोणाला पत्ता लागू दिला नव्हता पठ्ठ्याने. डॉक्टर म्हणाले, हा हात घेऊन रिंगमध्ये पाऊल टाकायचं नाही. विषय संपला.

नणंद : आणि लोकांनी घरबसल्या पैसे भरले होते ते त्याच्यासाठीच.

वहिनी : त्याच्यासाठीच. पोस्टरवर एवढं मोठं थोबाड त्याचंच. लढती दाखवणाऱ्या ॲपच्या कंपनीचा माणूस इथेच उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, आत्ता तोंड उघडू नका. बाकीच्या लढती होऊ द्या, लोक वाट बघत बसतील, शेवटी हळूच सांगा. एकदा बघून झालं की कोणाला पैसे परत मागता येत नाहीत. नियमात बसतं म्हणे.

नणंद : बसतंच. विम्याच्या कचेरीत मी असल्याच नियमांवर पगार घेते.

वहिनी : तुझा दादा नुसता भिंतीला टेकून उभा. मी विचारलं, काय करू? तर म्हणाला, "लोकांसमोर तू उभी राहणार आहेस. तुझ्या तोंडून जे निघेल ते बोल." आता माझ्या तोंडून ते लपवाछपवीचं निघालंच नसतं. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं. पैसे परत हवेत त्यांनी बटण दाबा, लगेच मिळतील. थांबाल तर बाकीच्या लढती दाखवतो.

नणंद : झालं. दाबली असतील धडाधड.

वहिनी : बघता बघता निम्मे लोक गेले. बघणाऱ्यांचा आकडा समोरच दिसतो ना, तो असा काही घसरत होता! कंपनीचा माणूस माझ्याकडे असा बघत होता, जशी काही मी त्याच्या घरातली भांडी रस्त्यावर फेकतेय.

नणंद : त्यातलं एक बटण माझं होतं.

वहिनी : काय?

नणंद : दाबलं मी. सवय गं. पैसे परत मिळताहेत म्हटल्यावर बोट आपोआप गेलं.

वहिनी : स्वतःच्याच धंद्यातून? धन्य आहेस बाई.

नणंद : हसू नकोस. पुढे काय झालं?

वहिनी : पुढे बसवाली आणि बेकरीवाली. बसवाली दिवसभर शहराची बस चालवते, बेकरीवाली पहाटेपासून कणकेशी झुंजते. या दोघींची लढत आम्ही नेहमी सगळ्यात आधी ठेवायचो, लोक खुर्च्या शोधत असतात तेव्हा. काल तीच शेवटी नेली. दुसरं होतं काय आमच्याकडे? तेवढ्यात बुलडोझर आला, हात बांधलेला. म्हणाला, वहिनी, मला माईक द्या, या दोघींबरोबर मी रोज सराव करतो. दिला. आणि काय बोललाय म्हणून सांगू! "आता नीट बघा, बेकरीवाली डावा खांदा सैल सोडेल. तुम्हाला वाटेल दमली. मलाही वाटलं होतं. माझं नाक अजून दुखतंय."

नणंद : आणि तसंच झालं?

वहिनी : अगदी तसंच. बसवाली फसली आणि धाडकन खाली बसली. सगळं सभागृह उभं राहिलं. ती उठली, पंचांकडे बघून मान हलवली आणि पुन्हा भिडली. शेवटच्या फेरीत दोघी रिंगच्या मधोमध, एकही मागे हटेना. मी आयोजक आहे हेच विसरले. कॅमेऱ्याच्या वायरवर उभी राहून टाळ्या वाजवत होते.

नणंद : जिंकलं कोण?

वहिनी : बसवाली, अगदी थोडक्यात. आणि तिचा हात वर धरला कोणी, तर बेकरीवालीने. तोवर आकडा पुन्हा चढायला लागला होता. बघणाऱ्यांनी आपापल्या लोकांना कळवलं असणार. गेलेले परत आले.

नणंद : पुन्हा पैसे भरून?

वहिनी : पुन्हा पैसे भरून.

नणंद : बरं. आता मुद्द्याचं. खर्च निघाला का?

वहिनी : निघाला. भाडं, डॉक्टर, रुग्णवाहिका, सगळ्यांचं मानधन. वर थोडं उरलंसुद्धा. फार नाही, उगाच आशा लावत नाही.

नणंद : निम्मे लोक गेले आणि तरी उरलं? कसं काय?

वहिनी : कारण बुलडोझरचं लढतीचं मानधन द्यावं लागलं नाही. कटू आहे, पण खरं आहे. मी विचार करत होते बघ. हे पे-पर-व्ह्यूचं, म्हणजे दर वेळी पैसे भरून बघण्याचं, असं आहे, एक मोठं नाव आणायचं, अर्ध्याहून जास्त पैसा त्याला, मग कंपनीचा हिस्सा. पुढच्या वेळी लोकांना त्याहून मोठं नाव हवं. आपण फक्त हमाल, इथला पैसा तिथे नेऊन टाकणारे. त्यापेक्षा महिन्याला थोडीशी वर्गणी ठेवली आणि हीच माणसं नेमाने दाखवली तर? लोक विचारताहेत, या दोघी परत कधी.

नणंद : एका संध्याकाळवरून धंदा ठरत नाही, वहिनी.

वहिनी : मान्य. सकाळी कंपनीचाही फोन आला. मोठं नाव नसेल तर पुढच्या वेळी आम्ही नाही म्हणाले. मी म्हटलं, बरं. कॅमेरावाला म्हणतो, आपलं आपण दाखवता येईल, साधं असेल पण येईल.

नणंद : म्हणजे कंपनी गेली, बुलडोझर जायबंदी, आणि तू खूश.

वहिनी : आहे. खोटं कशाला बोलू?

नणंद : मला एक सांग. त्याने हात लपवला का?

वहिनी : लढला नाही तर पैसे नाहीत ना. घरात दोन म्हातारी माणसं. औषधपाणी आम्ही बघतोय, कालच्या बोलण्याचेही दिलेत. पण लढतीचे ते लढतीचे.

नणंद : मग तिथेच चुकतंय तुमचं. खेळाडूंचा विमा काढा. बटण दाबणारे एक वेळ परत येतात, हात नाही येत. दुखापत झाली तरी घरी बसून काही मिळेल म्हटल्यावर कोण कशाला लपवेल? हप्ता फार नसतो. मी बसवून देते.

वहिनी : तू? तू तर वाटा काढून घ्यायला आली होतीस.

नणंद : वर्षभर राहू दे. विम्याची अट मात्र पक्की, आणि ती वर्गणी किती ठेवायची ते मला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. तुम्ही दोघं भिडेपोटी फुकट वाटत सुटाल.

वहिनी : हे तुझ्या तोंडून तुझ्या दादाला ऐकव. सकाळपासून त्याने घास घेतलेला नाही, तू येतेयस कळल्यापासून.

नणंद : आहे कुठे तो?

वहिनी : मागच्या खोलीत. सरावाच्या गादीवर पाठ टेकतो म्हणाला. ऐक, घोरतोय. उठवू का?

नणंद : नको गं. झोपू दे त्याला. हा दोर सोडून होईल तोवर आपला.