बाकीचे पन्नास

मानवतच्या स्टँडवर परभणीची गाडी लागली. सुमंगला उठली, पण तिचे कान काही बाकावरून उठेनात. शेजारी मुंजाजी आपल्या पुतण्यासाठी व्यंकटरावांकडे त्यांची लेक मागत होता.

“मुंबईला करतो काय पुतण्या?”

“समुद्रातले मासे बघतो.”

“खातो?”

“न्हाई ओ. त्यांच्या अंगातले धागे मोजतो. गुणसूत्रं म्हणत्यात.”

“मोजून काय कळतं?”

“जात. दोन मासे दिसायला सख्खे भाऊ. पर एकात धागे अठ्ठेचाळीस, दुसऱ्यात लय कमी.”

“बाकीचे गळाले?”

“गळतील कशाला? पिढ्यान्‌पिढ्या दोन-दोन जोडून एक झाले. माल तेवढाच.”

“आन माणसात किती?”

“शेचाळीस.”

“कोणत्या माणसात?”

“समद्यांत.”

“तुमच्यात असतील. आमी शहाण्णव कुळी. शेचाळिसाच्या घरात पोरगी देऊन बाकीच्या पन्नासाचं काय करू?”

मुंजाजीनं सावकाश तंबाखू मळली आणि अर्धी व्यंकटरावांच्या तळहातावर ठेवली. परभणीची गाडी केव्हाच निघून गेली होती.

“जोडून घ्या, मालक. माल तेवढाच ऱ्हातो.”