पेट्रोल आमच्याच गाडीचं होतं

दिंडोरी पोलीस ठाणे

मी, राखी बुद्धभूषण पगारे, वय २९ वर्षे, धंदा नोकरी (पाणी तपासणी प्रयोगशाळा), रा. उपनगर, नाशिक. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले असून माझ्या लग्नासाठी त्यांनी १९६२ सालची मोटार दोन वर्षे खपून दुरुस्त केली आहे. गाडी त्यांच्याच नावावर आहे. कागद घाईत घरी राहिले.

आज सकाळी दिंडोरी येथे माझे लग्न असल्याने वडील, आई लताबाई व मी सदर गाडीने निघालो. म्हसरूळ सोडल्यावर गाडी आचके देऊन बंद पडली. वडिलांनी कार्बोरेटर उघडला, तो स्वच्छ होता. थोड्या वेळाने गाडी चालू झाली व पुढे पुन्हा बंद पडली. पंप तापला असेल म्हणून वडिलांनी त्यावर ओले फडके टाकले. ढकांबे शिवारात गाडी तिसऱ्यांदा थांबली. आई म्हणाली, "आता रिक्षा बघा."

टाकीत कचरा असावा म्हणून वडिलांनी झाकण काढले व नळीने तोंडाने ओढून थोडे पेट्रोल कॅनमध्ये घेतले. तेही स्वच्छ होते. तेवढ्यात कोणा मोटारसायकलवाल्याच्या फोनवरून पोलीस जीप आली. हवालदार चंदर गांगुर्डे यांनी विचारले, "ओ काका, कोणाच्या गाडीतून काढताय?" वडिलांच्या तोंडात पेट्रोल गेल्याने त्यांना उत्तर देता आले नाही. गाडी आमचीच असल्याचे मी व आईने सांगितले, पण कागद नसल्याने त्यांना जीपमधून ठाण्यात आणले. त्यांच्या अंगात नवा कोट होता.

मी गाडीपाशी थांबले. झाकण काढताना टाकीने फुस्स करून हवा आत ओढल्याचे मी ऐकले होते. झाकण पाहिले असता हवेसाठीचे बारीक छिद्र पॉलिशने बुजलेले दिसले. वडील आठवडाभर ते झाकण चमकवत होते. हवा आत जात नसल्याने पेट्रोल पुढे येत नव्हते. गाडी थांबली की हवा हळूहळू शिरे, म्हणून ती पुन्हा चालू होई. मी केसांतल्या पिनेने छिद्र मोकळे केले, कॅनमधले पेट्रोल परत ओतले व आईला बसवून गाडी ठाण्यापर्यंत चालवत आणली. वाटेत ती एकदाही थांबली नाही. माझ्या पांढऱ्या साडीवरील डाग सदर कामाचे आहेत.

हॉर्न ऐकून वडील बाहेर आले. "काय निघालं?" असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, "पप्पा, तुमचं पॉलिश." ते झाकणाकडे बघत राहिले, मग हसू लागले. हवालदारांनी खुर्ची दिली तरी हसत होते.

नवरदेव आयुष यांना फोन केला असता ते म्हणाले, "सगळे थांबलेत. पण गाडी घेऊनच या, नाहीतर पप्पांना वाईट वाटेल."

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. फोन करणारा इसम मिळून आल्यास त्याने जेवायला यावे. हवालदारांनीही यावे.

वडिलांनी किल्ली परत मागितलेली नाही. इथून पुढे गाडी मी चालवणार असून ते मागे आईशेजारी बसणार आहेत.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच आणि तसेच त्यात आले आहे, म्हणून सही करते.

राखी बुद्धभूषण पगारे