पप्पूच्या ढोलाचं लायसन

तुम्हाला सांगतो, कॉपीराइटचा कायदा शिकून मी वर्ध्याला परतलो आणि पहिलाच अन्यायग्रस्त कलावंत भेटला तो आमचा नालवाडीचा डीजे पप्पू.

"पुलगावच्या डीजेनं माह्या ढोलाचा तुकडा चोरला. माह्या ऑर्डरी त्याले भेटून राह्यल्या. नोटीस लिहून दे."

मी पेटलोच. "ढोल वाजवला होता कोणी?"

"मले काय मालूम? जुन्या गाण्यातून उचलला. पन त्यावर माह्यं नाव टाकलं ना मी."

त्यानं मोबाइलवर तुकडा ऐकवला. खरंच, दर चार ठोक्यांनी "डीजे पप्पू नालवाडी" अशी आरोळी होती. समस्त कलावंतांच्या वतीनं मी पुलगावला स्पीकरवर फोन लावला.

"चोरी कायची, भाऊ?" तिकडचा म्हणाला. "हर वरातीत त्याचंच नाव वाजून राह्यलं. त्यानं ढोलवाल्याचं नाव एकदा तरी घेतलं काय?"

पप्पूनं फोनवर हात ठेवला.

"नोटीस राहू दे. त्याले लायसन देऊन टाक."