ओमेगा, टिसो अन् मामाजी

नाही, पण मी म्हणतो, बायकोले घड्यांचा इतिहास सांगायची गरजच काय होती मले? जुन्या स्विस घड्यांचा नाद आहे, ठीक आहे, गपचूप कपाटात ठेवाव्या, चाव्या द्याव्या, मोकळं व्हावं! पण नाही... चहासोबत आमचं भाषण सुरू! "कुसुम, हे पाह्य, ओमेगा अन् टिसो, नावं दोन, पण त्या जमान्यात मालकी एकाच कंपनीची! काही काही घड्यांत तर मशीनही एकच. डायल वेगळी, किंमत वेगळी, पण घर एकच!" वर्षानुवर्षं ऐकलं हो तिनं. कणीक मळता मळता "हव, हव" करायची. मले वाटे, ऐकतच नाही!

अन् आमच्याकडे राहतात मामाजी. म्हणजे माझे सासरे, श्यामराव. लोक विचारतात, सासरे जावयाकडे कसे? मी म्हणतो, घर एकच! तर मामाजीच्या मनगटावर टिसो, सासूबाईंनी पैसे जमवून घेऊन दिलेली. सासूबाई गेल्या, पण सकाळी उठले की आधी चावी, मग टिसो कानाले लावतील अन् म्हणतील, "जावईबापू, तुमच्या सासूबाई उठल्या!" मग चहा.

ते टिसो मागच्या हप्त्यात न्हाणीतल्या खुंटीवरून पडली ना! बंद! मामाजी चिडले नाही, रडले नाही... नुसते कानाले लावून बसले. चहा थंडा. ताट अर्धं. अन् तुमाले सांगतो, कपाटात माझ्या एवढ्या घड्या टिकटिक करून राहिल्या होत्या, मले लाज वाटे त्या आवाजाची.

धावलो गोल बाजारात. घडीवाला भिंगातून पाहून म्हणते कसा, "भैया, बैलेंस टूट गया. पार्ट कहीं नहीं मिलेगा. हाँ, इसी मशीन की दूसरी घड़ी हो, तो ले आओ."

घरी येऊन सांगितलं, तर कुसुमनं पोळी तव्यावरच सोडली अन् कपाटाकडे पाह्यलं. तिथं माझी ओमेगा! तेच मशीन! कोणाले हात लावू देत नाही हो मी तिले! म्हटलं, "काहून पाहून राहिली तिकडे?"

तर शांतपणे म्हणते, "अहो, तुमीच सांगता ना... घर एकच!"

उचलली ओमेगा अन् गेलो परत घडीवाल्याकडे!

काढलं ओमेगाचं काळीज, बसवलं टिसोत, मामाजीले न सांगता. मामाजींनी चावी दिली, कानाले लावली... मग हळूच म्हणाले, "उठल्या." मी गॅलरीत जाऊन रडलो हो, खोटं काहून बोलू?

आता बंद ओमेगा मनगटावर घालून फिरतो, अन् वेळ मामाजीले विचारतो. ते आधी कानाले लावतात, मग वेळ सांगतात, अन् वरून मलेच म्हणतात, "जावईबापू, एवढी भारी घडी, बंद काहून ठेवता? द्या, बनवून आणतो!"

म्हटलं, राहू द्या मामाजी... चालूनच राहिली ते. घर एकच!